गोडी लागेपर्यंत

दहावीचा निकाल लागला की परभणी जिल्ह्यातल्या घराघरांत पंधरा-सोळा वर्षांच्या लेकराला पुढच्या चाळीस वर्षांचा निर्णय आठ-दहा दिवसांत घ्यावा लागतो. सायन्स घ्यायचं की आर्ट्स, लातूरला ठेवायचं की परभणीतच, नीट की जेईई, आणि मार्क कमी पडले असतील तर आयटीआय की भरतीची तयारी. त्या बैठकीत काका बोलतात, मामा बोलतात, गेल्या वर्षी ज्यांचा मुलगा लातूरला गेला ते शेजारी बोलतात. लेकरू बहुधा गप्प असतं. कुणी विचारलंच, "तुला काय आवडतं, ते तर सांग," तर ते मान खाली घालतं. मग घरच्यांची समजूत होते की याला कशातच रस नाही.

मला त्या गप्प बसण्याचं कारण साधं दिसतं. त्या लेकरानं शिक्षक पाहिलाय, डॉक्टर पाहिलाय, तलाठी, ग्रामसेवक आणि पोलीस पाहिलेत, कृषी सेवा केंद्राचा दुकानदार पाहिलाय. बाकीची कामं मोबाइलवर दिसली असतील, पण त्यांतल्या कशालाही त्याचा हात लागलेला नाही. हात लावल्याशिवाय एखाद्या कामात आपलं मन रमेल की नाही, हे मोठ्या माणसालाही सांगता येत नाही. सोळाव्या वर्षी तर नाहीच.

हे पुस्तक त्या गप्प बसलेल्या मुलामुलींसाठी आहे आणि तितकंच त्यांच्या आईवडिलांसाठी आहे. आईवडिलांची बाजू मी आधी मांडतो, कारण अशा पुस्तकांत त्यांना फार लवकर आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं जातं. आपल्याकडची बरीचशी शेती जिरायती. कापूस आणि सोयाबीन पावसाच्या भरवशावर. पाऊस वेळेवर आला तर भाव पडतो, भाव बरा असतो त्या वर्षी पाऊस दगा देतो. वाटण्या होत होत रान लहान झालेलं. ज्या घरातल्या थोरल्यांनी १९७२चा दुष्काळ काढला, त्या घराला महिन्याच्या महिन्याला येणारा पगार ही केवढी मोठी गोष्ट वाटते, ते पगारदाराच्या मुलाला कळणं अवघड आहे. "नोकरी बघ, मग काय करायचं ते कर," असं म्हणणारा बाप मुलाच्या आवडीचा वैरी नसतो. त्यानं कर्जाचा हप्ता चुकल्यावर काय होतं ते पाहिलेलं असतं.

त्यामुळे "आवडीचं काम करा, पैसा मागून येतो" हे वाक्य या पुस्तकात कुठंही सापडणार नाही. ते खरं नाही. पैसा कित्येकदा येत नाही, आणि आला तरी फार उशिरा येतो. या वाक्याच्या नादानं पुण्यात खोलीचं भाडं भरत वर्षामागून वर्षं काढणारी मुलं आपल्याच जिल्ह्यातली आहेत. पण त्याच्या उलटचं वाक्यही तितकंच खोटं आहे, की आवड ही पोट भरलेल्यांची चैन असते. गोरगरिबांच्या घरात जन्मलेली, परभणीसारख्या ठिकाणी राहिलेली माणसंसुद्धा आपल्या कामात जीव ओततात आणि त्यावर उभी राहतात. प्रश्न असा आहे की ती गोडी त्यांना लागते कशी, आणि पोटाचा हिशोब ती कसा जमवतात.

माझं उत्तर एका ओळीत सांगता येईल. गोडी आधी लागत नाही, काम आधी सुरू होतं. काम करता करता, त्यातली अडचण सोडवण्यात दिवस जाऊ लागले, हाताला सफाई आली, की गोडी लागते. मनात डोकावून ती शोधणाऱ्याला ती सहसा सापडत नाही.

"बनी तो बनी, नहीं तो परभणी" ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. बाहेरचे ती हसत म्हणतात, आणि आपणही हसतो. पण ऐकून ऐकून आपल्या मुलांच्या मनात बसतं की ज्यांचं कुठं जमत नाही, ते इथं राहतात. म्हणून या प्रस्तावनेतली माणसं मी मुद्दाम या मातीतली, बहुतेक याच गावात राहून काम केलेली घेतली आहेत. मुंबई-पुण्याला जाऊन नाव काढलेल्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत.

सुरुवात भेंडीपासून करतो.

भेंडीवर केवडा पडला की पानांच्या शिरा पिवळ्या होतात, मग सगळं पान पिवळं पडतं, झाड खुरटतं आणि भेंडी पिवळट, राठ निघते. बाजारात तिला कुणी हात लावत नाही. हा विषाणूचा रोग, पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. विषाणूला मारणारं औषध नसतं, त्यामुळे एकदा झाड लागलं की गेलंच. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं काढलेली 'पुसा सावनी' ही जात या रोगापुढे टिकेल म्हणून देशभर पेरली गेली, पण पुढे पुढे तीही बळी पडू लागली. त्या वेळी परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर या शास्त्रज्ञांनी भेंडीच्या एका वेगळ्या, रोगाला दाद न देणाऱ्या भाऊबंद प्रजातीकडे मोर्चा वळवला. शास्त्रीय भाषेत तिचं नाव एबेलमॉस्कस मॅनिहॉट. आपल्याला भाजीला लागते तशी भेंडी तिला येत नाही. तिच्यातला प्रतिकाराचा गुण तेवढा उचलून 'पुसा सावनी'त आणायचा, असा तो बेत होता.

कागदावर हे एका वाक्यात होतं. रानात ते कसं होतं, ते जरा जवळून बघा. भेंडीचं फूल सकाळी उमलतं आणि दुपार कलली की मिटून सुकायला लागतं. म्हणून आदल्या दिवशी दुपारनंतर वाफ्यात फिरून, उद्या कोणती कळी उमलणार ते ओळखायचं. त्या कळीचं वरचं आवरण अलगद कापायचं, पाकळ्या बाजूला करायच्या. मधोमध एक दांडा असतो, त्याच्याभोवती परागाच्या बारीक पिशव्या दाटीनं चिकटलेल्या असतात. चिमट्यानं त्या सगळ्या काढून टाकायच्या. एक जरी राहिली तर फूल स्वतःच्याच परागानं फळतं आणि सगळी मेहनत वाया जाते. दांड्याच्या टोकाला धक्का लागला तर कळीच गळते. मग वर कागदी पिशवी, देठाला तारखेची चिठ्ठी. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी काढून, हव्या त्या झाडाचे पराग त्या टोकावर टेकवायचे आणि पुन्हा पिशवी. हे एका कळीचं झालं. अशा कळ्या रोजच्या रोज, उन्हातान्हात वाकून करायच्या.

शिवाय दोन वेगळ्या प्रजातींचा संकर म्हणजे त्यातून आलेली झाडं बी नीट धरत नाहीत. जे थोडं बी मिळेल ते पेरायचं, पुन्हा 'पुसा सावनी'शी संकर करायचा, आलेल्या रोपांत रोग न लागलेली आणि भेंडी बरी देणारी निवडायची, पुन्हा पेरायचं. पिढीमागून पिढी. अशा वर्षानुवर्षांच्या निवडीतून 'परभणी क्रांती' ही जात तयार झाली आणि १९८५च्या सुमारास शेतकऱ्यांकडे गेली. १९८६ साली अमेरिकेतल्या 'हॉर्टसायन्स' या नियतकालिकात तिच्यावर लेख छापून आला, त्याच्या शीर्षकातच आपल्या गावाचं नाव आहे. पुढे देशातल्या कितीतरी राज्यांतल्या शेतकऱ्यांनी 'परभणी क्रांती' असं छापलेली बियाण्याची पाकिटं फोडली. डॉ. नेरकर नंतर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

कुठलाही सोळा वर्षांचा मुलगा "मला भेंडीच्या कळीतले पुंकेसर काढायला आवडतं" असं सांगणार नाही. असं काही काम असतं हेच त्याला माहीत नसतं. पण एखाद्या पोराला बारावीनंतर कृषीच्या पदवीला प्रवेश मिळतो, बहुतेक वेळा दुसरीकडे नंबर लागला नाही म्हणूनच मिळतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला प्रात्यक्षिकात त्याच्या हातात चिमटा येतो, त्यानं केलेल्या दहा कळ्यांतल्या दोन धरतात, त्या का धरल्या आणि बाकीच्या आठ का गळल्या याचा विचार त्याच्या डोक्यात घोळू लागतो, आणि संध्याकाळी मित्र गावात फिरायला गेलेले असताना तो पुन्हा वाफ्यावर जातो. मला वाटतं, ज्या दिवशी तो असा न सांगता वाफ्यावर गेला त्या दिवशी त्याचं काम त्याला सापडलं.

आणखी एक गोष्ट इथं विसरता येत नाही. परभणीत १९५६ साली कृषी महाविद्यालय निघालं आणि १८ मे १९७२ला विद्यापीठ झालं, म्हणून हे वाफे होते, हरितगृह होतं, पगार होता, आणि फळ दिसायला दहा वर्षं लागणार असली तरी थांबायला तयार असलेली संस्था होती. आवड माणसाची असते खरी, पण ती फुलायला जागा लागते आणि कुणीतरी काही वर्षं धीर धरावा लागतो. मुलांना "जिद्द ठेवा" म्हणून सांगणाऱ्यांनी ही दुसरी बाजूही सांगावी.

आता अगदी वेगळ्या वाटेवरचा माणूस. भगवान रघुनाथ कुलकर्णी, म्हणजे बी. रघुनाथ. १५ ऑगस्ट १९१३ला सातोन्याला जन्म. हे गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. शिक्षण हैदराबादला झालं आणि मॅट्रिकपाशी थांबलं, कारण परिस्थितीनं पुढे जाऊ दिलं नाही. परभणीत येऊन ते निजाम सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात कारकून झाले. निजामी राज्यातला सरकारी कारभार उर्दूत चाले. दिवसभर कचेरीत उर्दू कागदांचा निपटारा करणारा हा माणूस घरी येऊन मराठीत लिहीत असे. 'आलाप आणि विलाप' हा कवितासंग्रह, 'साकी', 'छागल' हे कथासंग्रह, 'अलकेचा प्रवासी' हे ललितलेखन, 'म्हणे लढाई संपली', 'जगाला कळले पाहिजे', 'आडगावचे चौधरी' अशा कादंबऱ्या. निजामी राजवटीतला मराठवाडा कसा होता हे जाणायचं असेल तर आजही त्यांच्याकडे जावं लागतं. ७ सप्टेंबर १९५३ला, नोकरीत असतानाच, ते गेले. वय अवघं चाळीस. 'आडगावचे चौधरी' आणि 'पुन्हा नभाच्या लाल कडा' ही पुस्तकं त्यांच्या मागे छापून आली.

बी. रघुनाथांचं नाव परभणीत आजही आदरानं घेतलं जातं, त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी कार्यक्रम होतात. त्या कार्यक्रमांतून त्यांच्या कारकुनीविषयी दोन प्रकारे बोललेलं मी ऐकलं आहे. काहींना ती शोकांतिका वाटते, एवढा मोठा लेखक फायलींत पिचला म्हणून. काहींना ती तपश्चर्या वाटते. मला दोन्ही पटत नाहीत. कारकुनीनं घरात धान्य आणलं, आणि ते आणलं म्हणून कुणाच्या मर्जीप्रमाणे लिहायची वेळ आली नाही. पोटाचं काम एकीकडे, जिवाचं काम दुसरीकडे, अशी ही वाट. ती कमी प्रतीची नाही. जगात ती पुष्कळांनी धरली. प्रागमधला फ्रान्झ काफ्का कामगारांच्या अपघात विमा संस्थेत नोकरी करत करत रात्री लिहायचा, आणि तोही चाळिसाव्या वर्षीच गेला. पण याच दोन नावांवरून दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. दुहेरी पाळी शरीराकडून वसूल होते. जी मुलं ही वाट धरतील त्यांनी झोपेचा, जेवणाचा आणि घरच्या माणसांना द्यायच्या वेळेचा हिशोब पहिल्या वर्षापासून मांडावा. रात्री जागून थोर काम होतं हे आपण फार कौतुकानं सांगतो, त्यातला धोका सांगत नाही.

दोन्ही कामं एकाच रस्त्यावर आणणारेही आपल्याकडे आहेत. सेलू तालुक्यातल्या गुगळी धामणगावचे आसाराम लोमटे परभणीत राहून पत्रकारिता करतात. त्यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला २०१६ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बातमीदाराला तहसील दिसतं, बाजार समिती दिसते, कोरड्या पडलेल्या विहिरी आणि निवडणुकीतली भाऊबंदकी दिसते. बातमी संध्याकाळी पाठवून संपते, पण त्या बातमीतला माणूस डोक्यातून जात नाही, आणि तो कथेत येतो. इथं पोटाचं काम जिवाच्या कामाला रोज खुराक पुरवतं. इंद्रजित भालेरावांनी परभणीच्या ज्ञानोपासक महाविद्यालयात मराठी शिकवली आणि कविता लिहिली. 'पीकपाणी' हा त्यांचा संग्रह १९८९ला आला आणि आखाड्यावरची, औतामागची भाषा तिच्या सगळ्या ठसक्यासह कवितेत आली. नोकरी निवडताना पगाराबरोबर हेही विचारावं, की या नोकरीत माझ्या डोळ्यांपुढून रोज काय जाईल.

आता मुलींविषयी. हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

गंगाखेड म्हटलं की जनाबाई आठवते. संत नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी दळणकांडण करणाऱ्या या दासीच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग सांगतात. जात्यावर बसून तिनं जे रचलं ते सातशे वर्षं टिकलं. तिचं थोरपण कुणी नाकारणार नाही. पण जनाबाईचा दाखला देऊन मुलींना "हाती आलेल्या कामातच देव बघ" असं सांगणारे भेटतात, तेव्हा मला राग येतो. जनाबाईला काम निवडायचा हक्क कुणी दिला नव्हता. आज सातशे वर्षांनी आपण तो द्यायला हवा होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, परभणी जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या जवळजवळ निम्म्या बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली दिसली. तेव्हा राज्यात हे प्रमाण सर्वांत जास्त असलेल्या जिल्ह्यांत आपण होतो. पंधराव्या-सोळाव्या वर्षी जिचं लग्न लागतं तिला हात लावून बघायला, चुकायला, दुसरं काहीतरी करून बघायला वेळच मिळत नाही. आवड शोधण्याच्या गप्पा तिच्यापुढे मारणं मला क्रूर वाटतं. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबात मुलीला मागे ठेवायची काळजी असते, कॉलेज लांब असतं, एसटी वेळेवर नसते, आणि यातल्या प्रत्येक अडचणीचं उत्तर म्हणून लग्न उरकलं जातं. ज्या बापाला हे पुस्तक वाचून आपल्या मुलीसाठी एकच गोष्ट करायची असेल, त्यानं लग्नाची बोलणी तिच्या विसाव्या वर्षापर्यंत दारात येऊ देऊ नयेत. बाकीचं ती बघून घेईल.

ती काय करू शकते, त्याचं उदाहरण परभणीच्या ज्योती गवते. २०१७च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये पूर्ण अंतराच्या शर्यतीत भारतीय महिलांत त्या पहिल्या आल्या. बेचाळीस किलोमीटर आणि वर एकशे पंचाण्णव मीटर, तीन तासांच्या आत. पुढच्या दोन वर्षी त्या दुसऱ्या आल्या. शर्यत तीन तासांत संपते, पण तिच्यामागे रोज पहाटेचं धावणं असतं, आणि आपल्या छोट्या गावांत एकट्या मुलीनं पहाटे रस्त्यावर धावायचं म्हणजे घरच्यांचा पाठिंबा, प्रशिक्षकाचा डोळा आणि शेजाऱ्यांची तोंडं बंद ठेवायची ताकद, सगळंच लागतं.

त्याच पहाटे आपल्या तालुक्यांच्या मैदानांवर भरतीची पोरंपोरीही धावत असतात. पोलीस भरतीला मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. एकेका जागेसाठी पुष्कळ जणांची झुंबड असते, त्यामुळे बहुतेकांच्या वाट्याला यादीत नाव न येणंच लिहिलेलं. पण या मैदानांवर मी काही वेगळंही पाहतो. एखादा पोरगा दोनदा नापास होऊनही मैदान सोडत नाही, नव्या पोरांना पळायला शिकवू लागतो. घड्याळ लावून फेऱ्या मोजतो, कुणाचा पाय वाकडा पडतो, कुणाचा दम पहिल्या फेरीतच सुटतो ते सांगतो. पोरं त्याच्याभोवती गोळा होतात. त्याला विचारा काय करतोस, तर म्हणेल "काही नाही, भरती बघतोय". त्याला शिकवण्यातली गोडी लागलेली असते आणि ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं. अशा पोराला शारीरिक शिक्षणाच्या पदविकेची, प्रशिक्षकाच्या अभ्यासक्रमाची माहिती वेळेवर मिळाली तर त्याचं आयुष्य वेगळ्या रुळावर जाईल. मुलगा काय म्हणतो याच्यापेक्षा मोकळ्या वेळात त्याचे पाय कुठं वळतात ते बघावं, असं मी आईवडिलांना नेहमी सांगतो.

पैशाचा प्रश्न रेशमाच्या उदाहरणानं नीट समजतो. पूर्णा, परभणी, मानवत या भागांत अलीकडे तुतीची लागवड वाढली आहे. रेशीम कीटक संगोपन हे काम महिन्याभराच्या आत आवडतं की नाही ते सांगून टाकतं. अंडीपुंज आणायचे, चॉकी अवस्थेत, म्हणजे अळ्या अगदी लहान असताना, कोवळी पानं बारीक चिरून द्यायची. अळ्या चार वेळा कात टाकतात, त्या काळात पाला बंद, शेडमध्ये गडबड नको. शेवटच्या अवस्थेत त्या अधाशासारख्या खातात. सगळ्या पिकाचा बहुतेक पाला याच आठवड्यात संपतो. पहाटे, दुपारी, रात्री पाला टाकायचा, मूठभर कमी पडला तरी कोष हलका निघतो. उष्मा वाढला तर शेडला ओली पोती. शेजारच्या रानात कपाशीवर फवारणी झाली आणि वारं इकडचं असलं तर एका रात्रीत बॅच जाते. मग अळ्या चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या जाळीवर, चढतात आणि कोष विणतात. ज्याला हे नकोसं होतं तो दुसऱ्या बॅचनंतर शेडमध्ये सोयाबीनची पोती भरतो. जो तिसऱ्या बॅचला अळीचा रंग बघूनच रोग ओळखू लागतो, तो या कामाचा झाला.

पण एवढ्यावर घर चालत नाही. पूर्वी आपल्याकडचे कोष विकायला कर्नाटकात रामनगरला न्यावे लागत. प्रवासाचा खर्च, तिथली अनोळखी भाषा, आणि भाव पडलेला असला तरी माल परत आणता येत नाही. २०१८ला जालन्यात कोषांचा बाजार सुरू झाला आणि तेच काम, त्याच शेडमध्ये, परवडू लागलं. अळ्या त्याच, माणूस तोच, बदललं ते बाजाराचं अंतर. म्हणून कामाची गोडी लागल्यावर पहिली चौकशी ही करावी: हे घेणारा कोण आहे, तो किती लांब आहे, आणि पैसे हातात यायला किती दिवस लागतात. तितके दिवस घर कशावर चालेल, याचं उत्तर तयार असेल तर उडी घ्यावी. नसेल तर नोकरी धरून, संध्याकाळी आणि रविवारी ते काम चालू ठेवावं. यात कमीपणा मानण्याचं कारण नाही, बी. रघुनाथांनी तेच केलं.

आता एक सूचना, विशेषतः परीक्षा झाल्यावर घरी बसलेल्या मुलांसाठी. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि निकालाला वेळ असतो. हे दिवस क्लासच्या पायाभरणी बॅचला विकून टाकू नका. जिल्ह्यात गोदावरीकाठापासून जिंतूरच्या माळापर्यंत चार कामं निवडा आणि प्रत्येक कामापाशी आठवडाभर जाऊन बसा. पूर्णेला नातेवाईक असतील तर रेशमाच्या शेडवर जा, मानवतला जिनिंगमध्ये कापूस कसा पारखतात ते बघा, परभणीत गणेश वाचनालयात बसा, एखाद्या बातमीदाराबरोबर फिरा, गॅरेजवर पाने द्यायला उभे रहा. फुकट राबवून घेणाऱ्यांपासून मात्र सावध राहा, आठवडा झाला की उठा. रोज रात्री तीन ओळी लिहा: आज काय केलं, काय जमलं नाही, उद्या पुन्हा जावंसं वाटतंय का. शेवटच्या प्रश्नाला ज्या कामापाशी दिवसामागून दिवस "हो" आलं, ते शाखा निवडायच्या बैठकीत काका-मामांपुढे मांडा, वही घेऊन मांडा. वही पुढे असली की थोरली माणसं ऐकून घेतात.

आणि १८ मे ला, विद्यापीठाच्या वर्धापनदिनी, परभणीत खरीप शेतकरी मेळावा भरतो. वडील बियाणं घ्यायला जातातच, त्यांच्याबरोबर तुम्हीही जा, बहिणीलाही न्या. बियाण्याच्या रांगेत ते उभे असतील तेवढ्या वेळात प्रदर्शनातल्या दालनांवर फिरा. वाण तयार करणारे शास्त्रज्ञ, प्रयोगशाळेतले सहायक, यंत्रं जोडणारे तंत्रज्ञ त्या दिवशी समोर उभे असतात आणि विचारलं तर मनापासून सांगतात. पगार किती हे विचारायला लाजू नका. पण त्याआधी एवढं विचारा, की तुम्ही सकाळी आल्यावर पहिलं काम काय करता, आणि ते मला एकदा करून बघता येईल का.